दोन बोटं जाड तळाचा जोडा

श्रोतेहो, कथेला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. चीनमधल्या वृद्ध आचार्यांनी सांगितलं, यहुद्यांच्या पंडितांनी सांगितलं. बुद्धांनी, महावीरांनी, येशूंनी, अरबस्तानात पैगंबरांनी सांगितलं, आणि आमच्या व्यासांनीही सांगितलं — की जे आपल्याला नकोसं वाटतं, ते दुसऱ्याच्या वाट्याला देऊ नये! इतक्या थोरांचं एकमत! आपल्या विश्वस्तांचं आरतीच्या वेळेवर होत नाही! — हसू नका, ते पुढेच बसले आहेत. तर प्रश्न असा: आपल्याशी कुणी वाईट वागलं, तर तिसऱ्याशी तसंच वागायची मोकळीक आपल्याला मिळते काय?

मंडळी, ऐका. वसईकडे फुलांच्या वाड्यांचं एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथून मला पुन्हा बोलावणं यायचं आहे! तिथे त्र्यंबकपंत नावाचे गृहस्थ राहत. न्यायशास्त्र शिकलेले, पण उपयोग मुख्यतः घरात, पत्नी सगुणाबाईंशी वाद घालण्यासाठी. आणि तिथेही हरत!

एके संध्याकाळी पंत नव्या कोऱ्या वहाणा घालून कीर्तनाला गेले. बाहेर येऊन पाहतात — वहाणा नाहीत! पंतांनी पायरीवरच अनुमान मांडलं. प्रतिज्ञा — मी जोडा न्यावा. हेतू — कारण माझा गेला. उदाहरण... उदाहरण काही सुचेना. म्हणून समोरचा चकचकीत चामडी जोडाच उदाहरण म्हणून पायात घातला आणि निघाले!

दहा पावलांवर कळलं. डाव्या जोड्याचा तळ उजव्यापेक्षा दोन बोटं जाड! पंत उजवीकडे कललेले, वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला नमस्कार करत चालले आहेत. परत कसं जाणार? लोक बाहेर पडलेले!

दारात सगुणाबाई. “अहो, रस्ता कललाय की तुम्ही?”

“पाय मुरगळला.”

“आणि वहाणा मुरगळून त्यांचा जोडा झाला वाटतं?”

“देवळात... अदलाबदल झाली.”

“अदलाबदलीला दोघे लागतात. दुसऱ्याला विचारलंत?”

पंत लंगडत आत शिरले. बाईंनी मात्र पाय मुरगळल्याचं खरं धरलं आणि चटके बसतील असा आंबेहळदीचा लेप लावला. दोन्ही पायांना!

सकाळी पंत धाकू चर्मकाराकडे. “धाकू, हा डावा तळ दोन बोटं कापून दे.”

धाकूने जोडा उलटा केला, पाहिला, मग पंतांकडे पाहिलं. “कापतो की. पण आधी सांगा, इनास मास्तरांचा डावा पाय दोन बोटं लांब करून कोण देणार?”

“इनास मास्तरांचा?”

“लहानपणच्या तापात आखडलेला पाय त्यांचा. तीन महिने माप घेत होतो, पंत! उद्या त्यांच्या फिलूचं लग्न. लेकीचा हात धरून चर्चमध्ये वेदीपर्यंत ताठ चालायचं, एवढीच त्यांची हौस. सवय व्हावी म्हणून काल कीर्तनाला घालून गेले. आज दुसरा करायचा म्हटला तरी होणार नाही.”

मंडळी, चर्चमध्ये जोडे काढायची पद्धत नाही. बिचारे मास्तर आपल्या देवाचा मान राखायला अनवाणी झाले, आणि आपल्याच माणसाने तो मान पायात घातला!

पंत तसेच निघाले, जोडा हातात, पाय उघडे. मास्तरांच्या ओट्यापाशी पोहोचले आणि थबकले. ओट्यावर त्यांच्याच वहाणा! पुसलेल्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

“या पंत!” मास्तर लंगडत पुढे आले. “तुमच्याच का या? झाडणाऱ्या काकूंनी खांबामागे सारल्या होत्या. सगळे गेले, एवढ्याच उरल्या. म्हटलं, कुणीतरी माझ्यासारखाच अनवाणी गेला असेल. कुत्र्याने नेऊ नये म्हणून हातात घेऊन आलो.”

“हातात? पायात का नाही घातल्या?”

“दुसऱ्याच्या होत्या ना!”

पंतांनी जोडा पुढे केला. “मास्तर, हा चुकून नाही गेला. मी नेला.”

मास्तरांनी जोडा हातात घेतला. मग खाली पाहत म्हणाले, “कंबर दुखत असेल हो तुमची. उंचसखल चालणं काय असतं, मला ठाऊक आहे. बसा.”

मंडळी, न्यायशास्त्री त्र्यंबकपंत त्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले!

दुसऱ्या दिवशी मास्तर ताठ चालले. वेदीपर्यंत. मागच्या बाकावर सगुणाबाई कुजबुजल्या, “आता तरी सरळ बसा! आज त्यांचा पाय सरळ आहे, तुमचाही असायला हरकत नाही.”

पाहा, पायरी एक, दुःख एक. एक म्हणाला, माझं गेलं, म्हणून दुसऱ्याचं नेतो. दुसरा म्हणाला, माझं गेलं, म्हणून दुसऱ्याचं जपतो. सगळे थोर जे सांगून गेले, ते या एका ‘म्हणून’च्या पुढे काय ठेवायचं, एवढंच!

आता आरती होईल, तुम्ही बाहेर जाल. आपली वहाण दिसली नाही, तर आधी खांबामागे पाहा. तिथेही नसेल, तर अनवाणी घरी जा आणि वाटेत मास्तरांना आठवा. आज मी सर्वांच्या शेवटी निघणार आहे. माझ्या खडावा नव्या आहेत, हे सांगून ठेवतो — आणि तुमच्या भरवशावर बाहेरच ठेवल्या आहेत!