दुसरा तोडा

महाडच्या एसटी स्टँडवर मी पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि लॅपटॉपची बॅग घेतलेली तिची भाची बसली होती.

"आत्ये, तू दिलेला चांदीचा तोडा विरघळला."

"चांदी काय गूळ हाय विरघळायला?"

"लॅबमध्ये एक मीठ असतं, पाण्याशिवाय पातळ राहणारं. त्यात चांदी बुडवून वीज सोडली की ती विरघळते आणि दुसऱ्या टोकाला तिचे कण तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक."

"मग झाले ना कण?"

"झाले, पण त्यात तांबं मिसळलं."

"तोड्यात तांबं असतंच गो, नायतर तो पायात वाकंल. मला इचारायचं होतंस."

"लॅबने मागवलेली चोख चांदीची तार चार महिने आली नाही. मला वाटलं, घरची चांदी चालेल."

"मग आता?"

"पंधरा तारखेला नुसत्या चांदीचे कण दाखवले नाहीत, तर सर पीएचडीचा विषय बदलायला लावतील."

"तुला बदलायचाय?"

"नाही."

"मग ही पिशवी धर."

"आत्ये, दुसरा तोडा काढू नकोस."

"एका पायात घालून काय करू? सोनाराकडं चल. चांदी गाळून चोख करून घेऊ, समोर बसून तार ओढून घेऊ."

"अगं, गाडी लागली."

"लागू दे."

"आजोबांची आठवण आहे ना ती?"

"हाय ना. ज्या दिवशी माझी शाळा सोडवली, त्याच दिवशी त्यांनी हे पायात घातले. उचल पिशवी."