दोऱ्याचा दोष

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीण आणि तिचा थोरला भाऊ बसले होते. आत तिचा नवरा होता.

"दादा, नर्सनं यांच्या हातातला मंतरलेला दोरा कापला."

"आत दोरा चालत नाही गं."

"तुटला तर गुण जातो म्हणतात. हस तू. तर्कशास्त्र शिकवतोस ना."

"हसत नाही. जादूलाही तर्क असतो. कारण, कृती, परिणाम, सगळं शिस्तीत असतं. फक्त एक गोम आहे."

"कसली?"

"ते बरे झाले तर दोऱ्यामुळे. नाही झाले तर तुझ्यामुळे, कारण तू दोरा जपला नाहीस. दोरा काही चुकत नाही."

"आणि डॉक्टर?"

"ते चुकू शकतात. तसं त्यांनी आधीच सांगितलंय."

"म्हणजे चुकू शकणाऱ्यांच्या हाती दिलं मी यांना?"

"हो. पण काहीही झालं तरी तुझा दोष नसेल."

"मग कुणाचा?"

"कदाचित कुणाचाच नाही."

तिनं दाराकडे बघितलं.

"हे जास्त अवघड आहे, दादा."

"आहेच. तुझी वहिनी गेली तेव्हा मलाही जमलं नव्हतं."