शितांची पेज

गिरणीच्या संपाला वीस-पंचवीस वर्षं झाल्यावरची गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ शंकर इतका जाड झाला होता की घाटकोपरची आमची टेकडी चढताना त्याचा जीव जायचा. शेवटी ऑपरेशन करून त्याचं पोट लहान केलं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर नुसती पेज द्या." त्यांना वरचं पाणी म्हणायचं होतं. आम्हा कोकणातल्यांची पेज शितांसकट. शंकरची बायको सुमन तीच भरवायला बसली.

"हळू गं, पोटात जागा कुठे ठेवलीय त्यांनी?" शंकर हसला.

संध्याकाळी उलट्या लागल्या, आतले टाके सुटले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "भात कोणी दिला?"

सुमन पुढे सरकली.

मी म्हटलं, "मी दिला, साहेब. तिला यातलं काही ठाऊक नाही."