आंबाडीचं पहिलं पाणी

मनकर्णाबाई : सापडली का मंग आंबाडी?

समीक्षा : सापडली, आई. इथं मेलबर्नच्या पार त्या टोकाला, तेलुगू लोकांच्या दुकानात. गोंगुरा म्हणतात ते. दोन गाड्या बदलून गेले होते.

मनकर्णाबाई : पाह्य बाई! इथं अल्लीपुरात वावराच्या धुऱ्यावर फुकटची उभी असते, अन् तिथं गाड्या बदला! मंग, माह्या साकेतनं खाल्ली का पोटभर? वर्षभरापासून जीव टाकून राह्यला होता तिच्यासाठी.

समीक्षा : केली मी.

मनकर्णाबाई : म्या सांगतली तशी? तुरीची दाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी?

समीक्षा : कण्या नाही मिळाल्या. तांदूळ भरडून टाकले.

मनकर्णाबाई : चालते. अन् पाला उकडून पहिलं पाणी फेकलं ना?

समीक्षा : नाही फेकलं.

मनकर्णाबाई : काऊन? दहादा सांगतलं होतं म्या! आंबटढोण झाली असन.

समीक्षा : इतक्या दुरून आणलेली, आई. तिचं पाणीसुद्धा फेकवेना मला.

मनकर्णाबाई : येडी आहेस. असं भरभरून पाणी कायचं पडून राह्यलं तिकडं?

समीक्षा : नळाचं. मी बाथरूममध्ये आहे. आतून कडी लावून.

मनकर्णाबाई : काऊन व?

समीक्षा : तुमच्या मुलानं एक घास खाल्ला अन् भाजीचा गंज माझ्या अंगावर फेकला. गॅसवरून उतरवलेलाच होता. खांद्यापासून कोपरापर्यंत सोललं. मग केस धरून ओट्यावर डोकं आपटलं. दोनदा.

मनकर्णाबाई : देवा! पाणी सोडून ठेव हातावर. चोळू नको.

समीक्षा : पहिल्यांदा नाही हे. भाजलं फक्त आज.

मनकर्णाबाई : भूक लागली असन त्याले, बाई. दिवसभर कामावून थकून येते. भुकेल्या माणसाचं डोकं...

समीक्षा : बस! हेच ऐकायचं नव्हतं मला. लहानपणी त्याला हेच सांगायच्या ना तुम्ही? लग्नाच्या नव्या नवलाईत त्यानंच सांगितलं, हसत हसत. बाबा ताट भिरकावायचे, तुमचं कपाळ फुटायचं, अन् तुम्ही म्हणायच्या, बाबाले भूक लागली होती. मग वाटी देऊन त्याला शेजारी कौशल्याबाईंकडे पाठवायच्या, भाजी मागायला.

मनकर्णाबाई : कपाळ पाह्यलं व्हय त्यानं? मी पदर वढून घेत होतो.

समीक्षा : सगळं पाहिलं, आई.

(दारावर लाथ बसते.)

साकेत : समीक्षा! दरवाजा खोल! कोणाशी बोलून राह्यली?

समीक्षा : तुझ्या आईशी.

साकेत : माह्याच आईले माह्या चुगल्या? बाहेर नाई आली ना, तर दरवाजासकट तुले तोडून टाकीन!

मनकर्णाबाई : मोठ्या आवाजावर टाक फोन. साकेत, मी बोलतो.

साकेत : आई, तू मधात नको पडू. फक्त तुह्यासारखी भाजी मांगतली म्या. एक साल झालं, घरचा म्हणून एक घास नाई भेटला. अन् हिनं चिंचेचं पाणी ठेवलं समोर. फिरलं डोकं!

मनकर्णाबाई : माह्यासारखी? अरे, माही भाजी तुह्या बापानं भिंतीवर मारली. चांगली झाली तरी मारली.

साकेत : बाबाले भूक...

मनकर्णाबाई : भूक नव्हती! खोटं सांगतलं म्या तुले. ढेकर देऊन उठे अन् मंग मारे. त्याचा हात कोणी धरत नव्हतं, म्हणून मारे. पोराच्या मनातून बाप उतरू नये म्हणून मी भूक भूक करत राह्यलो, अन् तू नेमकं तेच गाठीले बांधलं.

साकेत : भाषण नको देऊ. तिले बाहेर ये म्हण. नाईतर आज तिचा मुडदा पाडतो.

(पुन्हा लाथ. पुन्हा.)

मनकर्णाबाई : समीक्षा, कडी टिकन का?

समीक्षा : एक स्क्रू पडला खाली.

मनकर्णाबाई : मंग माहा फोन ठेव अन् पोलिसाले लाव.

समीक्षा : आई, एकुलता एक आहे तुमचा. नोकरी जाईल त्याची. परत पाठवतील.

मनकर्णाबाई : जाऊ दे. माह्या वक्ती माह्या सासूनं बाहेरून कुलूप लावलं होतं, लोकायले आवाज जाऊ नये म्हणून. मी तिच्यासारखी नाई होत. लाव लवकर.

समीक्षा : काय सांगू त्यांना?

मनकर्णाबाई : सांग, त्याची माय म्हणते, घेऊन जा.