हीलियमची टाइल अजून आली नाही

—नाही हो दादा, तसं काहीच नाही. तुम्ही आधी बसा. त्या बादलीवर नको, ती मॅडमची—म्हणजे, उपडी घालून बसतात त्या कधीकधी. तुम्ही या पोत्यावर बसा. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कुणालाही विचारा, कामावर सगळे मला मुका मिस्त्रीच म्हणतात. पण तुम्ही मॅडमचे थोरले भाऊ, तुम्ही विचारणारच—शाळेच्या प्रयोगशाळेतली एक भिंत, तिच्यावर मूलद्रव्यांचा तक्ता लावायचा, एका मूलद्रव्याला एक टाइल, एवढ्याशा कामाला इतके दिवस? आणि बहिणीच्या बाहीला रोज पांढरं कसं लागतं? तर ती सांधे भरायची पूड, दादा. उडते. आपोआप उडते. मी तुमच्या जागी असतो तर मीही आलो असतो. इतका गप्प बसलो नसतो, पण आलो असतो.

त्याचं काय झालं—मला नमुन्याचा कागद दिला. त्यात वरच्या ओळीत काय? डाव्या टोकाला हायड्रोजन, उजव्या टोकाला हीलियम आणि मधे सगळं मोकळं! आता सांगा, फरशीवाल्याला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवणार की नाही? मला वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातला. मी आपल्या टाइल्स एकामागोमाग एक लावत गेलो, अंगणात लावतो तशा. चौकोन एकदम गच्च, ओळंबा लावून बघावा असा! दुपारी मॅडम आल्या, भिंतीकडे बघितलं आणि हसत सुटल्या. डोळे पुसेपर्यंत हसल्या. दादा, घरी हसतात का हो त्या? —नाही? वाटलंच मला.

मग बादली उपडी घातली आणि समजावून सांगितलं. उभ्या रांगेतले सगळे एका स्वभावाचे, म्हणजे भावकीच म्हणा ना. पहिली भावकी तापट, सोडियम, पोटॅशियम वगैरे, पाणी लागलं की भडकायचे. शेवटची भावकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मधली जागा बुजवली तर जो तो भलत्याच्याच भावकीत जाऊन पडतो. मी आठवीत शाळा सोडली, दादा, रसायनाचं पुस्तक नुसतं चाळलेलं. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या टाइल्स ओल्या होत्या तोवर काढल्या, परत लावल्या. ती चूक खरी होती, शपथेवर सांगतो.

दुसरी? दुसरी पण तशी... टाइलवर खाली वजन छापलंय ना, मी हलकं आधी, जड नंतर असं लावलं. आर्गॉन निघाला पोटॅशियमपेक्षा जड! झालं, आर्गॉन बसला सोडियमच्या खाली, तापट भावकीत. मॅडम म्हणाल्या, अहो, वजन नाही बघायचं, वरचा आकडा बघायचा, केंद्रकात प्रोटॉन किती ते. मला ठाऊक होतं—म्हणजे, कागद होताच ना समोर. —असं बघू नका हो. तेवढीच एक. आणि ते तांबं-चांदी वरखाली. आणि क्लोरीन. बास, संपलं.

अणूचं तर विचारूच नका. मी टाइल बसवली की हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतो, पोकळ वाजली की उखडायची, खाली मसाला कमी पडलाय. आणि मॅडम म्हणतात, अणू जवळजवळ सगळा पोकळच! मधे एवढंसं केंद्रक, बाकी नुसती रिकामी जागा. म्हणजे माझी टाइल पोकळ, भिंत पोकळ, मी पोकळ! घरी जेवताना ताट ठोकून बघितलं तर आई म्हणाली, काय रे, पुरत नाही का तुला?

मग मी विचारलं, ती शेवटची भावकी कुणात का मिसळत नाही? तर म्हणे, त्यांचं बाहेरचं घर भरलेलं असतं, त्यांना कुणाची गरजच नाही. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे तुमच्यासारखे. त्या बाहीवरचं पांढरं झटकत बसल्या. मग म्हणाल्या, माझं घर भरलेलं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? —दादा, उठू नका. बसा ना. हे मला बोलायचंच नव्हतं.

आता काय, एकच टाइल राहिली. तो वरचा उजवा कोपरा दिसतोय ना, हीलियमचा. मॅडमना सांगितलंय, दुकानातून यायचीय. ती लागली की मिस्त्री चालला दुसऱ्या भिंतीला, मॅडम गेल्या वर्गात. मग त्या बादलीवर कोण बसणार? आणि मी कुठल्या तोंडाने यायचं, शिकायला आलो म्हणून?

खिसा? खिशात काय असणार, पट्टी आहे, पेन्सिल—

घ्या. हीच ती. केव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. कोपरे जपा, टवका उडतो. दादा, रागावलात? काहीतरी बोला हो. —कुठे निघालात? भिंतीकडे? नका ना, निदान आज नका. मसाला कालवलेला नाही, हवं तर बघा—

पावलं वाजतायत. त्याच. दादा, मी काय सांगू आता? टाइल तुमच्या हातात, मी असा—

दादा? ती तुमच्या पिशवीत गेली.

या मॅडम, या. हीलियम ना? नाही हो, अजून नाही आली दुकानातून. माझ्याकडे काय बघताय, दादांना विचारा.