साहेब टॉलरेबली म्हणाले

वडील : ...आणि खाली वेगळी ओळ घे. 'परदेशातल्या साहेबांनी मी कातलेला लोखंडी शाफ्ट हातात घेतला आणि म्हणाले, टॉलरेबली गुड.' घेतलीस?

लेक : बाबा, ही ओळ वगळू या.

वडील : वगळू या? अगं, छत्तीस वर्षं लेथवर घासली मी. शनिवारी माझ्या निवृत्तीच्या निरोपाला लोक हीच ओळ ऐकायला येणार. नुसत्या चहासाठी कोण थांबतंय सुटीनंतर?

लेक : बाकी भाषण छान झालंय. एवढी ओळ नको.

वडील : शाळेत इंग्रजीच्या बाई झालात, आता आमचे शब्द खटकणारच.

लेक : आधी मला सांगा, त्याचा अर्थ काय?

वडील : बाईंना मी सांगू? बरं, ऐक. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, चाळीस मिलिमीटर, इकडेतिकडे वीस मायक्रॉन. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी चूक माफ. त्याला म्हणायचं टॉलरन्स. त्यात बसला तर जॉब पास, नाही बसला तर भंगारात. मधला डबा नाही. साहेबांनी मायक्रोमीटर मागवला, शाफ्ट फिरवून फिरवून चार ठिकाणी मोजला आणि म्हणाले, टॉलरेबली. म्हणजे अगदी मापात. तेव्हापासून आमच्या मशीन शॉपमध्ये कुणाचा जॉब एक नंबर निघाला की तोच शब्द.

लेक : सगळे म्हणतात?

वडील : तीसच्या तीस जण. कालपरवा लागलेलेसुद्धा. माझ्याच तोंडून उचललाय सगळ्यांनी.

लेक : म्हणून माझ्या वहीवर तो लिहिला होतात?

वडील : कुठल्या वहीवर?

लेक : सातवीत निबंधात पहिली आले होते. तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलंत, 'माय डॉटर, टॉलरेबली.' खाली तारीख घालून सही ठोकलीत.

वडील : मग? त्याच्या वरचा शब्द माझ्याकडे नव्हता. वर्गात दाखवलीस की नाही सगळ्यांना?

लेक : नाही. डिक्शनरी उघडली.

आई : काय होतं गं डिक्शनरीत?

लेक : राहू दे ना आई.

वडील : नाही, सांग. मलाही कळू दे.

लेक : टॉलरेबली म्हणजे... बऱ्यापैकी. चालून जाईल असं. जेवण कसं होतं विचारलं आणि कुणी टॉलरेबली म्हणालं, तर समजायचं, घशाखाली उतरलं, एवढंच.

आई : अहो, रोज माझ्या हातचं जेवून तुम्ही काय म्हणता? आणि मी इतकी वर्षं वर आणखी आग्रह करतेय.

वडील : तू जरा थांब. पुढे सांग गं.

लेक : पुढे काय. मला वाटलं, बाबांना मी चालून जाण्यासारखी वाटते. म्हणून ईर्ष्येनं इंग्रजी घेतलं. म्हटलं, बाबांना दुसरा शब्द वापरायला लावीन. तेवीस वर्षं तो राग धरून बसले होते, पण तुम्हाला विचारलं नाही.

(वडील चष्मा काढून पुसतात.)

वडील : म्हणजे साहेब म्हणाले, ठीक आहे.

लेक : हो.

वडील : आणि मी त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आलो. लवकर पोचलो असतो तर लगेच सांगून तो आनंद संपला असता.

आई : दारात चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले होते.

वडील : खोड ती ओळ.

लेक : आता नाही खोडत.

वडील : अगं, नवा मॅनेजर शिकलेला आहे. गालातल्या गालात हसेल तो.

लेक : त्या शाफ्टनंतर तुमचे किती जॉब परत आले?

वडील : एकही नाही. साहेबांच्या शब्दाला बट्टा लागू द्यायचा नव्हता ना.

लेक : मग झालं तर. साहेबांनी तो शब्द एकदा वापरला आणि निघून गेले. तुम्ही तीस जणांनी रोज वापरलात. मी वर्गात हेच शिकवते, शब्द ज्यांच्या तोंडी असतो तेच त्याचा अर्थ ठरवतात. भाषणात दोन्ही अर्थ घालते. डिक्शनरीतला आधी, तुमच्या शॉपमधला नंतर.

वडील : आणि लिही, आमच्या शॉपमध्ये बऱ्यापैकीचा डबा नाही.

लेक : लिहिलं.

वडील : मग वाचीन. मॅनेजरकडे बघून वाचीन.

आई : आणि जेवणाचं काय ठरलं?

वडील : शॉपमधला अर्थ. पहिल्या दिवसापासून.

आई : हां.

वडील : तुझ्या वहीवर मात्र माझं चुकलंच गं.

लेक : काही चुकलं नाही. म्हणजे, एक चुकलंय. स्पेलिंग. सुरुवातीला एल एकच असतो, तुम्ही दोन काढलेत.

वडील : आहे अजून ती वही? आण इकडे, आत्ता दुरुस्त करून देतो.

लेक : असू दे बाबा. टॉलरन्समध्ये बसतंय.