क्षमेचा मांडव

मंडळी, ऐका. साधा प्रश्न विचारतो. अपराध केला शेजाऱ्याचा आणि क्षमा मागितली देवाकडं — परस्पर! शेजाऱ्याला पत्ताच नाही. चालते का अशी क्षमा? माना डोलावू नका, आधी आख्यान ऐका.

घोगरवाडीची एस्तेर पाटोळे चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना शिकवायची. तिच्यावर प्रमोद साळवेनं बळजबरी केली. प्रमोद कोण? चर्चचे पंच शलमोन साळव्यांचा चिरंजीव, गायकमंडळाचा पुढारी. गळा काय गोड! एस्तेरनं पोलिसांत तक्रार दिली आणि पंचांची झोप उडाली. पोरीवर प्रसंग आला तेव्हा नव्हती उडाली हं — तक्रार झाली तेव्हा उडाली.

मग प्रमोदला एकाएकी पश्चात्ताप झाला. भर सभेत उभा राहून त्यानं साक्ष दिली, "प्रभूनं मला क्षमा केली." लोकांनी हालेलुया केलं. बायकांनी डोळे पुसले. कुणासाठी? त्याच्यासाठी!

आता अडचण एकच उरली — एस्तेर. पंच तिच्या घरी गेले. "पोरी, देवानं क्षमा केली, मग तू कोण अडून बसणारी? क्षमा कर, तक्रार मागं घे. तोवर तुला प्रभुभोजन नाही — प्रभूची भाकर नाही, प्याला नाही."

तिची आई शांताबाई, त्याही म्हणाल्या, "बाई, चार माणसांत राहायचंय आपल्याला."

मंडळी, त्या पोरीला अन्न गोड लागत नव्हतं. प्रभूच्या मेजावरचा तेवढा एक घास तिला हवा होता, आणि नेमका तोच यांनी अडवून धरला.

पुढं काय केलं? मांडव घातला! समेटाचं जेवण! मटणाचं पातेलं चुलीवर, मेजावर भाकर आणि प्याला, मागं वधस्तंभावरच्या प्रभूचं चित्र. आणि प्रमोदच्या गळ्यात हार. मला सांगा, सत्कार नेमका कशाबद्दल होता?

चर्चचे पाळक म्हणाले, "एस्तेर, क्षमा केली म्हण."

ती उठली. म्हणाली, "पाळकसाहेब, या प्रभूचे कपडे शिपायांनी काढून घेतले ना? सगळ्या लोकांदेखत?"

"हो."

"मग अब्रू कुणाची गेली? त्याची, का शिपायांची?"

पाळक म्हणाले, "शिपायांची."

"मग माझी कशी गेली? क्षमा माझी आहे. द्यायची का, कधी द्यायची, ते मी ठरवीन. प्याला प्रभूचा आहे. तो आज द्या."

पेटीवाले, थांबा. इथं सूर नको. मंडळी, चित्रात प्रभूच्या कमरेला पंचा दिसतो ना? तो चित्रकारानं घातलाय. त्याला लाज वाटली. शिपायांना वाटली नव्हती. आणि कबरेतून उठल्यावरही प्रभूच्या हातांवर खुणा होत्या. त्याला कुणी म्हणालं का, झालं गेलं विसर, हात झाक? जखमा घेऊनच तो पित्याकडं गेला. आणि यांना एका पोरीची जखम मटण शिजेपर्यंत भरून यायला हवी होती!

पाळकांनी प्याला उचलला. उचलला, आणि बघत राहिले — पंचांकडं. तेव्हा शांताबाई उठल्या, थेट मेजाशी गेल्या. "द्या इकडं. जड झालाय तुम्हाला." आणि लेकीला आपल्या हातानं पाजलं. "माझं चुकलं, बाई," म्हणाल्या. त्या प्रसंगानंतर एस्तेर पहिल्यांदा रडली, आईच्या गळ्यात पडून. लगेच बरी झाली का? नाही. पण झोपायला लागली. तक्रार तशीच आहे.

आता आपल्याकडं वळू. थोड्या वेळानं इथं प्रभुभोजन आहे. या बाकांवर कुणी एस्तेर बसली असेल तर तिला मी उभी करणार नाही, तिच्याकडं बघणारही नाही. मी तुमच्याकडं बघतोय. "जाऊ दे, क्षमा कर" असं कुणा लेकीला ज्यानं सांगितलं असेल, त्यानं आज प्याल्याला हात लावू नये. आधी तिच्या घरी जावं. दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर उभं राहून ती बोलेल ते ऐकावं. नाही उघडलं, तर दार ठोठावत बसू नये. गुपचूप परत यावं, आणि उपाशी बसावं.